हमीदभाईंची तिसरी टेस्ट

आधी एक कबुली देऊन टाकतो. भुतांच्या गोष्टी सांगण्यात कतारमधल्या आमच्या अल वक्रामध्ये माझा हात कोणी धरू शकत नाही. शुक्रवारी कुणाकडे जेवण असलं, बिर्याणी दमावर बसली, की बायका पोरांना माझ्याकडे हाकलतात — "जा, रफीकचाचांकडे जा, भूत सांगतील." आणि मी सांगतो! खाडीतला बिनडोक्याचा तांडेल, बंद फ्लॅटमध्ये रोज इस्त्री करणारी बाई, लिफ्टच्या आरशात न दिसणारा वॉचमन... पोरं उशा पोटाशी धरून ऐकतात. आता खरं सांगतो — यातलं एकही भूत खरं नाही. सगळी मी बनवलेली. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, टेबलावर हात कधी आपटायचा, सगळं ठरलेलं. ज्याच्या घरी भुतं तयार होतात तो भुतांवर विश्वास कसा ठेवणार?

म्हणून हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय. आयुष्यात एकदा खरी गोष्ट वाट्याला आली, आणि ती सांगायला बसलो की लोक म्हणतात, "बरं, टेबलावर हात कधी आपटणार?"

आणि गोष्ट तरी कशी! ना अंधार, ना वारा. सकाळचे साडेदहा, डोकं तापवणारं ऊन, समोर परीक्षेचा फॉर्म आणि फॉर्मवाला परीक्षक. एवढ्या सामानातून भूत बनवायला मला कोणी सांगितलं असतं तर मी हात जोडले असते.

मी रत्नागिरीकडचा. दोह्यात बावीस वर्षं झाली. सनय्यामध्ये, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात, एका रिकव्हरी कंपनीत डिस्पॅचर आहे. रिकव्हरी म्हणजे अपघात झालेली गाडी उचलून नेणारा ट्रक. मागचा सपाट प्लॅटफॉर्म तिरका करायचा, विंचच्या तारेने गाडी वर ओढायची, चारही चाकांना पट्टे मारायचे आणि निघायचं. फोन आला की कुठला ट्रक कुठे पाठवायचा ते मी ठरवतो. "यांना नुसतं बोलण्याची नोकरी मिळालीय," असं माझी बायको पाहुण्यांना सांगते.

हमीदभाई माझे साडू. त्यांची बायको थोरली, माझी धाकटी, सख्ख्या बहिणी. वय छप्पन्न, आणि त्यातली सव्वीस वर्षं रिकव्हरीच्या स्टिअरिंगवर गेलेली. बोलणं एकदम मोजकं. त्यांच्या वाट्याचंही मीच बोलतो. त्यांची एक पद्धत होती. गाडी उचलायची असली की आधी तिच्या मालकाला आपल्या केबिनमध्ये उजवीकडच्या सीटवर बसवायचं (इथे स्टिअरिंग डावीकडे असतं), हातात पाण्याची बाटली आणि दोन खजूर द्यायचे, आणि सीटबेल्ट स्वतःच्या हाताने लावून द्यायचा. मालक अरब असो, मलबारी असो की फिलिपिनो. एकदा मी चिडवलं, "काय हमीदभाई, लहान बाळ आहे काय तो?" तर म्हणाले, "अरे, ज्याची गाडी ठोकली त्याचे हात थरथरत असतात. त्याला बक्कल सापडत नाय."

बस्स.

तर झालं असं, की अपघाताच्या गाड्या उचलणाऱ्या ड्रायव्हरांना मान्यतेचं कार्ड सक्तीचं झालं. कार्ड नाही तर अपघाताच्या जागी ट्रक न्यायचा नाही. आणि कार्ड काय असंच मिळतं? लायसन्सचा रेकॉर्ड स्वच्छ पाहिजे. मेडिकल, डोळे, फर्स्ट एडचा क्लास, आग विझवण्याचा क्लास, कॉम्प्युटरवर लेखी परीक्षा. आणि शेवटी प्रॅक्टिकल. यार्डात एक ठोकलेली गाडी ठेवलेली असते. ट्रक योग्य अंतरावर लावा, दिवा चालू करा, रस्त्यावरचे ते नारिंगी कोन मांडा, जॅकेट घाला, गाडीभोवती पूर्ण फेरी मारा. पेट्रोल गळतंय का बघा. प्रत्येक सीटवर वाकून बघा, आत कोणी राहिलंय का. मग वॉकीटॉकीवर परीक्षकाला सांगा, "व्हेइकल क्लिअर." हे दोन शब्द बोलल्याशिवाय विंचला हात लावायचा नाही. सगळं पंचवीस मिनिटांत. चान्स तीन. तिसऱ्यांदा नापास झालात तर वर्षभर पुन्हा बसता येत नाही.

आमच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, सगळ्यांना उभं करून सांगितलं, "कार्ड आलं तर काम. नाही आलं तर खलास, व्हिसा कॅन्सल."

हमीदभाईंच्या व्हिसावर त्यांचं घर उभं. बायको आणि मुलगी सानिया, दोघी त्यांच्याच नावावर इथे राहतात. सानिया इथल्या इंडियन स्कूलमध्ये बारावीला. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि ही प्रॅक्टिकलची भानगड सप्टेंबरात. नोकरी गेली असती तर पोरीला बारावीच्या मधोमध शाळा सोडून गावी जावं लागलं असतं. ऑक्टोबरात बारावीला कोण घेणार? वर्ष फुकट. पोरगी हुशार, सकाळी फजरला उठून फिजिक्स करायची. हमीदभाई तिच्या टेबलाजवळून चपला काढून चालत.

पण काळजी कुणालाच नव्हती. सव्वीस वर्षं गाड्या उचलणारा माणूस, त्याला यार्डातली एक गाडी काय जड जाणार?

पहिल्या टेस्टहून हमीदभाई परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. नापास!

"काय झालं?"

"आत माणूस होता."

"कुठे आत?"

"गाडीत. पुढे, उजव्या सीटवर. मला वाटलं, परीक्षकाने मुद्दाम बसवलाय. आम्ही नीट वाकून बघतो की नाय, ते बघायला. मी वॉकीटॉकीवर सांगितलं, वन पॅसेंजर, फ्रंट सीट."

आता बघा, यात चूक म्हणावी तर चूक नाही. लेखी परीक्षेत असेच फसवे प्रश्न असतात. हमीदभाई तर खूश झाले होते, की बाबा आपण पकडला! परीक्षक उठून आला, त्याने दार उघडलं, सीटवर हात फिरवला, आणि विचारलं, "वेअर?" हमीदभाईंनी बोट दाखवलं. परीक्षकाने फॉर्मवर फुली मारली.

मी पोट धरून हसलो, आज कबूल करतो. मग त्यांना क्लिनिकमध्ये नेलं, डोळे तपासले. डॉक्टर म्हणाली, यांची नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे, तुम्हीच चष्मा बदला. बीपी ठीक, शुगर ठीक, झोप ठीक.

"कसा दिसतो तो?" मी विचारलं.

"साधा. आपल्यासारखा. हात मांडीवर ठेवून बसलाय. कुणीतरी दार उघडेल म्हणून थांबलाय, असा."

"रक्तबिक्त?"

"नाय रे! शर्ट इस्त्रीचा होता."

माझ्या एकाही भुताला मी कधी इस्त्रीचा शर्ट घातला नव्हता. तिथेच मी हसायचा थांबलो.

दुसऱ्या टेस्टच्या आधी माझ्या हॉलमध्ये आम्ही चक्क तालीम केली. चार खुर्च्या मांडल्या, ती गाडी. मी परीक्षक, गळ्यात बायकोचा दुपट्टा, हातात लाटणं, तो वॉकीटॉकी. हमीदभाई वाकले, चारही खुर्च्यांवर बघितलं, "व्हेइकल क्लिअर" म्हणाले. एकदम खणखणीत. सानिया दारात केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन उभी, हसून हसून लाल. "खालू, यू आर सो बॅड! एग्झॅमिनर असा असतो का?" मी म्हटलं, "बेटा, तुझा अब्बा पास झाला की याच लाटण्याच्या पोळ्या खाऊ घालतो." सगळे हसले. तिची आई मात्र हसली नाही. ती हमीदभाईंच्या हाताकडे बघत होती. दोन शब्द बोलून झाल्यावर त्यांनी तो हात हळूच पँटला पुसला होता.

दुसऱ्या टेस्टला हमीदभाई गाडीजवळ गेले, वाकले, सरळ झाले, वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि तसेच उभे राहिले. उन्हात. वेळ संपेपर्यंत.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी धडकलो. मी ओरडायला गेलो होतो, आणि ओरडलोही. "अहो, दोन शब्द! आत कोणी नाही. परीक्षकाला दिसत नाही, मला दिसणार नाही, कुणाला दिसत नाही. तुम्हाला दिसतो ना? दिसू दे! तोंडाने क्लिअर म्हणायचं आणि मोकळं व्हायचं!"

त्यांनी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. तिकडे सानिया अभ्यास करत होती.

"रफीक, आत माणूस असताना क्लिअर कसा म्हणू?"

"पोरीसाठी म्हणा."

"म्हणत होतो. तिचंच नाव घेऊन म्हणत होतो. तोंडातून निघतच नाय." मग त्या लोटलेल्या दाराकडे बघितलं. "त्याने माझ्याकडे बघितलं ना... तो काय मागत नव्हता. पण मी क्लिअर म्हटलं असतं तर तो तिथे नाय, असं झालं असतं."

आता मला सांगा, याच्यावर काय बोलणार? मी! ज्याला बोलण्याची नोकरी आहे! चहा आला, मी चहा प्यायलो, घरी आलो. मुदीरच्या पाया पडायचं बाकी ठेवलं होतं, तेही दुसऱ्या दिवशी केलं. हमीदभाईंना गॅरेजमध्ये घ्या म्हटलं, गेटवर बसवा म्हटलं. जागा नव्हती. दुसरी गाडी देऊन परीक्षा घ्या म्हणून सेंटरला फोन केला, तर म्हणाले, यार्डात सध्या एकच गाडी आहे, नियम सगळ्यांना सारखा. त्या गाडीवर बाकी तीस-चाळीस ड्रायव्हर पास होऊन गेले होते. कुणाला काही दिसलं नव्हतं.

तिसरी टेस्ट ऑक्टोबरच्या सुरुवातीला. या वेळी कंपनीचा प्रतिनिधी म्हणून मी स्वतः गेलो. जाताना त्यांच्याच ट्रकमध्ये, बाजूच्या सीटवर. रस्ताभर मी बोलत होतो, ते गाडी चालवत होते. यार्डाच्या गेटपाशी एवढंच म्हणाले, "सानियाच्या आईला मी काय सांगू, ते बघून ठेव."

यार्ड म्हणजे नुसतं मोकळं मैदान, कडेला पत्र्याची शेड. मधोमध ती गाडी. पांढरी सेडान, मागून चेपलेली. बॉनेट उघडून मी मुद्दाम बघितलं. आत बॅटरीच नव्हती, वायरींची टोकं टेपने गुंडाळलेली. सीटवरही बघितलं. धूळ. काही नाही. मी तर सीटवर बोटाने रेघही ओढली.

परीक्षक जॉर्डनचा होता, पस्तिशीचा, सभ्य. हमीदभाईंना ओळखून त्याने मान खाली घातली. त्यालाही नापास करायचं नसावं. "यल्ला," म्हणाला आणि घड्याळ चालू केलं.

ट्रक लावला. दिवा लावला. कोन मांडले. सगळं एखाद्या पुस्तकात दाखवावं तसं. गाडीभोवती फेरी झाली. मग हमीदभाई उजव्या दारापाशी वाकले आणि थांबले.

मी शेडमध्ये उभा. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरतोय, पुसायचं सुचत नाही. पाच मिनिटं गेली. सात. परीक्षकाने घड्याळाकडे बघितलं. मी ओरडून सांगू शकत नव्हतो, नियम होता. मी नुसता ओठ हलवत होतो, क्लिअर, क्लिअर, क्लिअर...

हमीदभाईंनी वॉकीटॉकी कमरेला लावला. आणि दार उघडलं.

ते काहीतरी बोलले. लांबून शब्द ऐकू आले नाहीत. मग एक पाऊल मागे सरकले, एखाद्याला उतरायला जागा द्यावी तसे. डावा हात पुढे केला, कोपराला आधार देतात तसा. आणि चालायला लागले. त्यांचं नेहमीचं चालणं नव्हतं ते. दुसऱ्याच्या पावलाने चालत होते, सावकाश. ट्रकची उजवी बाजू आमच्याकडे होती. केबिनचं दार उघडलं, थांबले, वर बघितलं, दार लावून घेतलं.

ट्रकचं इंजिन चालू होतं. केबिनच्या उघड्या काचेतून आवाज आला — टिंग... टिंग... टिंग...

सीटबेल्टचा. बाजूच्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही, तर वाजतो ना, तो.

परीक्षकाने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

हमीदभाईंनी पुन्हा दार उघडलं, वर चढून पट्टा ओढला, आडवा नेला, बक्कल लावलं. आवाज बंद. मग डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली घेतली, सीटवर ठेवली. खिशातून खजुराची पुडी काढली, तीही ठेवली. खाली उतरले, परत गाडीपाशी गेले, चारही सीटवर पुन्हा वाकून बघितलं. आणि वॉकीटॉकी उचलला.

"व्हेइकल क्लिअर."

काय आवाज होता तो! आमच्या हॉलमधल्यापेक्षा कितीतरी हळू, पण परीक्षकाच्या वॉकीटॉकीतून स्वच्छ ऐकू आला. मग तार लावली, गाडी वर ओढली, चार पट्टे मारले, ओढून तपासले. तीन मिनिटं शिल्लक.

परीक्षक फॉर्म भरत होता, मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. एकेका रकान्यात बरोबरची खूण. खाली एक रकाना होता, केबिनमधले प्रवासी, आणि त्याच्यापुढे, बेल्ट लावला का. टेस्टमध्ये हे रकाने सगळे रिकामे सोडतात, कारण प्रवासी कुठून येणार? परीक्षकाने बेल्टच्या पुढे खूण केली. प्रवाशांच्या पुढे लिहिलं, एक.

मी म्हटलं, "उस्ताद... एक?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. बिचाऱ्याच्या तोंडावर जे होतं तेच माझ्या तोंडावर असणार. "तू सांग," तो म्हणाला, "शून्य लिहू?"

मी पुन्हा ट्रककडे बघितलं. त्याने सही केली. हमीदभाई पास झाले.

मी धावत ट्रककडे गेलो, मिठी मारली, "मबरूक, मबरूक!" आणि सवयीने उजवं दार उघडायला गेलो. हमीदभाईंनी माझा दंड धरला.

"तू टॅक्सीने ये."

"मी?"

"आता तिथे कसा बसशील?"

आणि मंडळी, मी टॅक्सीने आलो. त्या उन्हात अर्धा तास टॅक्सीची वाट बघत उभा राहिलो. माझ्याच कंपनीचा ट्रक माझ्यासमोरून निघून गेला आणि मी त्याला हात दाखवला. ट्रकला की आणखी कुणाला, ते मला विचारू नका.

आता तुम्ही म्हणाल, सेन्सर बिघडलेला. मीही तेच म्हटलं. कंपनीच्या इलेक्ट्रिशियनने सीट उघडून बघितली. सेन्सर ठीक, वायर ठीक. मी बसलो की वाजायचा, उठलो की बंद व्हायचा. म्हणजे गॅरेजमध्ये. हमीदभाई ट्रक बाहेर घेऊन निघाले की रिकाम्या सीटचाही वाजायचा, आणि पट्टा लावला की थांबायचा.

मग म्हटलं, गाडीच्या मुळाशी जाऊ. तिच्या काचेवर एका बिल्डिंगच्या पार्किंगचा स्टिकर होता, अल मुंतझामधल्या. गेलो. वॉचमनला विचारलं. मालक सापडला, जिवंत, धडधाकट! वसईचा निघाला, ख्रिश्चन, मिनीन नाव, एका हॉस्पिटलच्या ऑफिसात कामाला. मराठी ऐकून खूश झाला, आत बोलावून केक दिला. मी मनात तयारी करून गेलो होतो. अपघातात कोण गेलं असेल, बायको असेल, भाऊ असेल...

"कोण जाणार?" मिनीन म्हणाला. "गाडी उभी होती ओ. सिग्नलला नाय, चालू नाय, पार्किंगमध्ये उभी! मागून एक टँकर रिव्हर्स आला. मी वर झोपलेलो."

"आधीचा मालक?"

"शोरूममधून नवी घेतलेली."

"बाजूच्या सीटवर कोण बसायचं?"

"कोणच नाय." तो केकचा तुकडा मोडत राहिला. "बायको-पोरं वसईला. पाच वर्षं ती सीट तशीच. ऑफिसची बॅग पण मी मागे टाकायचो." मग हसला. "ट्रॅफिकमध्ये एकटाच बडबडायचो मात्र. आज हे झालं, उद्या ते आणायचंय. सगळेच बडबडतात, नाय?"

"तुम्ही कपडे इस्त्री करून घालता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मिनीनने आपल्या चुरगळलेल्या टीशर्टकडे बघितलं. "मी? कधीच नाय. का ओ?"

मी केक संपवला आणि आलो. कोणी मेलेलं नाही, कोणी जखमी नाही, कुणाचा शाप नाही. माझ्या एखाद्या गोष्टीत मी असा शेवट केला असता तर पोरांनी उशा फेकून मारल्या असत्या.

इकडे हमीदभाईंच्या तक्रारी यायला लागल्या. अपघात झालेल्या माणसाला ते केबिनमध्ये घेईनात. सव्वीस वर्षं जो माणूस मालकाला बसवल्याशिवाय हलला नाही, तो आता लोकांना रस्त्याच्या कडेला सोडून निघायचा, पाणी आणि खजूर हातात देऊन. दोन तक्रारी झाल्या की कार्डावर नोंद, आणि नोंदी वाढल्या की कार्ड परत. म्हणजे पुन्हा तेच, आणि बोर्डाला चार महिने बाकी! मी त्यांना विनवलं, "हमीदभाई, उतरवा त्याला. कुठे जायचंय ते विचारा, सोडून या."

"विचारलं."

"मग?"

"त्याला ठाऊक नाय."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. शेवटी मी दुसऱ्या ड्रायव्हरशी अदलाबदल करून त्यांना डबल केबिनचा ट्रक दिला, पुढे दोन सीट, मागे एक बाकडं. मालक मागे बसायचे. तक्रारी थांबल्या. ट्रक बदलल्यावर तरी सुटका होईल, अशी माझी अटकळ होती. पहिल्याच दिवशी हमीदभाई जुन्या ट्रकच्या उजव्या दाराशी गेले, उघडलं, नव्या ट्रकपर्यंत हळूहळू चालत आले. कंपनीच्या यार्डातल्या पोरांना वाटलं, काका गुडघ्याने अधू झाले. मी कुणालाही काही सांगितलं नाही. घरी तर नाहीच. हमीदभाईंनीही नाही. सानियाच्या कानावर यातलं अक्षर जाऊ द्यायचं नाही, असं ठरलंच होतं. ती फक्त एवढं जाणत होती की अब्बा तिसऱ्या खेपेला पास झाले.

हिवाळा गेला. परीक्षा सुरू झाली. एकेक पेपर झाला की मी डिस्पॅचच्या कॅलेंडरवर फुली मारायचो.

शेवटच्या पेपरच्या दिवशी ठरलं की सगळ्यांनी अल वक्राला समुद्रावर जेवायचं. बायका सकाळीच पुढे गेल्या. मी हमीदभाईंच्या ट्रकमध्ये मागे बसलो, आणि आम्ही सानियाला घ्यायला सेंटरच्या बाहेर जाऊन उभे राहिलो. दुपारचा दीड वाजलेला. गेटमधून पोरं-पोरी आरडाओरडा करत बाहेर पडत होती, कुणी शर्टवर सह्या घेत होतं. सानिया आली, ट्रक दिसल्यावर दोन्ही हात वर करून नाचलीच. मी काच खाली करून तिला हाक मारणार, की बेटा, मागे ये, मागे. पण ती लहानपणापासूनच्या सवयीने थेट पुढच्या उजव्या दाराकडे आली आणि दार उघडलं.

आणि थांबली.

"ओह, सॉरी अंकल," ती म्हणाली. दार हळूच लावलं, मागचं दार उघडलं, आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

हमीदभाईंचे हात स्टिअरिंगवर होते. आरशात त्यांचे डोळे माझ्याकडे लागलेले. मी आयुष्यात त्या माणसाला घाबरलेला बघितला नव्हता. मला वाटलं, आता मी काहीतरी बोललं पाहिजे. गंमत करायला पाहिजे, पोरीला विचारायला पाहिजे, तू कुणाला सॉरी म्हणालीस, काय दिसलं, कसा आहे... किंवा काहीच विचारायला नको, मोठ्याने गाणं म्हणायला पाहिजे. तोंड उघडलं. तेवढ्यात हमीदभाईंनी गिअर टाकला, ट्रक निघाला. एसीच्या घरघरीशिवाय ट्रकमध्ये कसलाही आवाज नव्हता. मी शपथेवर सांगतो, कोणीही काहीही बोललं नव्हतं.

पहिलं राउंडअबाउट गेलं. सानिया बॅग मांडीवर घेऊन बाहेर बघत होती. मग तिने मान वळवली, आदराने थोडी पुढे वाकली, पुढच्या त्या उजव्या सीटकडे.

"चांगला गेला," ती म्हणाली. "शेवटचा प्रश्न फक्त थोडा राहिला."

आणि कुणीतरी आणखी काही विचारावं तशी ऐकत राहिली. मग गोड हसली आणि म्हणाली, "हो, आता सुट्टीच."

पुढे हमीदभाईंचे खांदे हलत होते. ते रडत होते की कसं, ते मागून कळत नव्हतं. मी माझा हात त्यांच्या पाठीवर ठेवायला उचलला, पण दोन सीटच्या मधून हात न्यायची माझी हिंमत झाली नाही. तो तसाच मांडीवर परत आणला.

सानिया आता भारतात कॉलेजला आहे. तिला मी अजून विचारलेलं नाही. हमीदभाई रोज ट्रक चालवतात. याचं काय उत्तर आहे, मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर, मला उत्तर हवंय की नको तेही आता कळेनासं झालंय. त्या दिवशी समुद्रावर पोचल्यावर सगळे उतरले. हमीदभाई फेरी मारून उजव्या दाराशी आले, दार उघडून धरलं, आणि उन्हात उभे राहिले. मी आणि सानिया वाळूत थांबलो. जेवण थंड होत होतं. कुणी उतरलं की नाही, ते मला दिसत नव्हतं, म्हणून किती वेळ थांबायचं तेही कळत नव्हतं. मी नुसता सानियाच्या तोंडाकडे बघत राहिलो... ती चालायला लागली, तेव्हा मीही चाललो.